बाईंना प्रोत्साहन द्या, पेमेंटचं नंतर बघू

परचेस हेड झालात, अभिनंदन! रेट कसा पाडायचा ते तुम्हाला शिकवायला नको. पण हल्ली कंपनीच्या वार्षिक अहवालात एक पान जास्तीचं असतं: महिलांच्या उद्योगांकडून आपण किती माल घेतो. ते आता तुमच्या गळ्यात. घाबरू नका. सरकारी कंपन्यांना 2018 पासून वर्षाच्या खरेदीतला 3 टक्के वाटा महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ठेवावा लागतो. तुमची कंपनी खासगी, तुमचं फोटोंवर भागतं.

आधी त्यांच्याकडून काय घ्यायचं ते ठरवा. दिवाळीचे बॉक्स, कापडी पिशव्या, कँटीनचं लोणचं. भोसरीत एखादी बाई दोन व्हीएमसी मशीन (धातू कापणारी संगणकी यंत्रं) टाकून ब्रॅकेट काढत असेल, तर तिचं कोटेशन कौतुकाने वाचा आणि विचारा, "मॅडम, टेक्निकल कोण बघतं? मिस्टर का?" व्हेंडर फॉर्म मात्र सगळ्यांना एकच, तिथे भेदभाव नको. तीन वर्षांचे ताळेबंद, कोटींतली उलाढाल आणि आपल्यासारख्या मोठ्या कंपनीला माल दिल्याचा अनुभव. पहिली ऑर्डर मिळाल्याशिवाय अनुभव कुठून आणू, असं तिने विचारलंच तर "पॉलिसी आहे" म्हणा.

इतकं करूनही पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, काढावी लागली, तर खरी कला पेमेंटमध्ये आहे. लघु उद्योगांचा 2006 चा कायदा म्हणतो, लेखी करार काहीही असो, 45 दिवसांच्या आत लघु उद्योगाचे पैसे द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वाचून घाम फुटतो. पण माल पोचल्यापासून 15 दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतलीत, तर ती दूर झाल्यावरच दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणून चौदाव्या दिवशी संध्याकाळी मेल टाका: "काही बॉक्सचे कोपरे दबलेले आढळले, खुलासा करावा." तोवर बॉक्स वाटून झालेत आणि आतले काजूही संपलेत, याची चिंता नको. ती टेम्पो करून नवे बॉक्स घेऊन येईल. गेटवर सांगून ठेवा, स्टोअरचं जेवण 1 ते 3.

व्याज सहसा कुणी मागत नाही. त्यासाठी सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणाऱ्या व्हेंडरला पुढची पीओ कोण देतं? हे तिला ठाऊक असतं. तुम्ही बोलून दाखवू नका, वाईट दिसतं.

कटकट आहे ती प्राप्तिकराची. 43बी(एच) कलम आल्यापासून मुदतीत न दिलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ते प्रत्यक्ष पैसे देता तेव्हाच धरायचं. त्यामुळे मार्च आला की अकाउंट्सवाले तुमच्या केबिनच्या चकरा मारू लागतात. यावर काही हुशार मंडळींनी तोडगा काढलाय: व्हेंडरलाच उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करायला सांगायचं. तुमची पंचाईत एवढीच, की अहवालात तिला मोजायचं तर तीच नोंदणी लागते. तेव्हा सर्टिफिकेटची झेरॉक्स आधी फाईलला लावा, मग रद्द करायला सांगा.

8 मार्चला तिला बोलवाच. शाल, तुळशीचं रोप, "घर आणि उद्योग: तारेवरची कसरत" या विषयावर चर्चा. चहाच्या टेबलापाशी ती हळूच ऑक्टोबरच्या बिलाचं विचारेल. हसून म्हणा, "मॅडम, आज नको, आज तुमचा दिवस!"

आणि एवढ्यावरही टक्का कमी पडला, तर 51 टक्के शेअर बाईंच्या नावावर असलेली कंपनी महिलांची धरतात, हे लक्षात ठेवा. तुमच्या एमडींच्या मेव्हण्याची ट्रान्सपोर्ट कंपनी आहेच. शेअर वहिनींच्या नावावर करून घ्या. त्यांचं पेमेंट आठव्या दिवशी सोडा, कोपरेबिपरे तपासत बसू नका. पुढच्या वर्षी प्रमुख पाहुण्या म्हणूनही त्याच चालतील. भाषण तेवढं आधी लिहून द्या, आणि कंपनीकडे ट्रक किती आहेत हे स्टेजवर कुणी विचारणार नाही, याची काळजी घ्या.