चरीचा संप : ‘उपाशीपोटी उद्रेक’ नव्हे

गेले काही दिवस अलिबाग-पोयनाडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, तिथल्याच चरी गावातल्या कुळांच्या 1933 च्या संपाबद्दल एक मजकूर फिरतोय : ‘चरीचा संप म्हणजे उपाशी कुळांचा उत्स्फूर्त उद्रेक, सापेक्ष वंचिततेचा सिद्धांत त्याला तंतोतंत लागू पडतो.’ यात दोन चुका आहेत.

पहिली किरकोळ. सापेक्ष वंचितता म्हणजे उपासमार नव्हे. आपल्याला जे मिळायला हवं असं वाटतं आणि जे हातात पडतं, त्यातली तफावत म्हणजे ती. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ टेड गर यांनी 1970 मध्ये हेच मांडलं.

दुसरी मोठी. उद्रेक चार दिवसांत विझतो. इथे 27 ऑक्टोबर 1933 ला चरीत सभा भरली, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची) जमीन न कसण्याचं ठरलं आणि ते 1939 पर्यंत पाळलं गेलं. एवढी वर्षं नुसत्या रागावर निघत नाहीत! समाजशास्त्रज्ञ मॅकार्थी आणि झाल्ड यांचा 1977 चा साधनसंघटनाचा विचार, म्हणजे चळवळ नुसत्या रागावर नव्हे तर जमवलेल्या साधनांवर टिकते हा, इथे जास्त कामाला येतो : माणसं, नेतृत्व, आधीची नाती कुठून आली?

माझ्या मते बांधावरून. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, उधाणाने बांधाला खांड (भगदाड) पडली की एकट्याने काही होत नाही. चिखलाची ढेपळं हातोहात देत अख्खा गाव रांगेत उभा राहतो. न येणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं. संपातही तेच झालं असणार.

आणि हो, खोती संपाबरोबर संपली नाही. आंबेडकरांनी 1937 मध्ये ती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला 1949 मध्ये.