क्रँक काढताना अण्णा येतात

कालपासून माझा खांदा दुखतोय आणि शेजारचे अण्णा आळीत सांगत फिरतायत की सायकल त्यांनी सोडवली.

बॉटम ब्रॅकेट (पेडलांच्या मधल्या एक्सलचं बेअरिंग) करकर वाजत होता. तो बदलायचा तर आधी दोन्ही क्रँक, म्हणजे पेडलांचे दांडे, काढायचे, एवढंच काम. डिचोलीतला सायकलवाला म्हणाला, ठेवून जा, चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर बघू. चवथ अजून महिनाभर लांब. स्कूटर असती तर लगेच घेतली असती, पण सायकल चालवणाऱ्याला इथे माणूस समजत नाहीत. शेवटी ऑनलाइन पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) मागवला, 14 च्या सॉकेटने बोल्ट काढला, वॉशर काढला (तो आत राहिला तर पुलर एक्सल सोडून त्यालाच ढकलत बसतो), पुलरचे 22 एमएमचे आटे क्रँकमध्ये पार आतपर्यंत बसवले, कारण अर्धवट बसवले तर क्रँकच्या आतले आटेच उपटून येतात, आणि मग पान्याला लटकलो. ढिम्म. अॅल्युमिनियमचा क्रँक, लोखंडी एक्सल आणि वर आपला पावसाळा, दोघांनी सात जन्माच्या शपथा घेतलेल्या.

तेवढ्यात अण्णा आले, आणि येताना खुर्ची घेऊन आले. म्हणजे बघा, स्वतःच्या व्हरांड्यातली प्लास्टिकची खुर्ची उचलून माझ्या अंगणात.

"कितें करता रे?"

"क्रँक काढतोय अण्णा."

"हात्! आमच्या मायनीत डंपरचं चाक काढायचो आम्ही, चाक! माणसापेक्षा उंच. आणि तू हे दातकोरणं घेऊन बसलायस."

अण्णा खाणीच्या वर्कशॉपात होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून हाताला काम नाही, त्यामुळे सगळा भार जिभेवर आलाय. आधी म्हणाले घण मार. मी म्हटलं अॅल्युमिनियम आहे, तुटेल. मग म्हणाले खोबरेल सोड. मग पाय पसरून म्हणाले, "बोल्ट काढलायस ना? तसाच सांखळी गावापर्यंत जाऊन ये, आपोआप सुटतो."

"आणि वाटेत सुटला तर माझा पाय?"

"पाय खंय वतलो?" म्हणजे, पाय कुठे जाणार?

यावर काय बोलणार. गंमत म्हणजे ही युक्ती जुने मेकॅनिक खरंच करतात, फक्त क्रँकचं चौकोनी भोक कायमचं खराब होतं, पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता, ते तोवर मांडवीतल्या बार्जवर पोचले होते. बार्जचं इंजिन, बार्जचा तांडेल, तांडेलाचा जावई. मी पाना धरून उभा. जावई पणजीला असतो, बरं का.

दरम्यान मी किटली गॅसवर ठेवलेली. मीच ठेवलेली, हे लिहून ठेवतो. अॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून कढत पाणी फक्त क्रँकवर ओतायचं हे आधीच ठरलेलं होतं. मी आत वळलो, तेवढ्यात बायको किटली घेऊन बाहेर येताना बघून अण्णा खुर्चीतून ओरडले, "ऊन उदक घाल रे तेचेर!"

घातलं. लगेच पान्याला हिसका दिला. टक्. डावा क्रँक हातात.

"सांगितलं का नाही!" अण्णा म्हणाले, आणि बायको म्हणाली, "बरं झालं अण्णा तुम्ही होतात." आता नवऱ्याने घामाने निथळत यावर काय तोंड करायचं? मी चहा मागितला, तो आधी अण्णांना मिळाला. बिस्किटांसकट.

जाताना त्यांनी पुलर उचलून दिव्याच्या उजेडात धरला. "बरी वस्तू आहे. भाच्याच्या पंपाची पुली अडकलीय, त्याला देतो." मी म्हटलं, अण्णा, याचे आटे सायकलच्या क्रँकसाठी आहेत, पंपाच्या पुलीला लागणार नाहीत. ते म्हणाले, "बघू या की," आणि खिशात टाकला.

खुर्ची मात्र माझ्याच अंगणात ठेवून गेले. उजवा क्रँक अजून सायकलवर आहे आणि पुलर भाच्याकडे वाळपईला.