इसब आईच्या ताणातून येत नाही

गेल्या काही आठवड्यांपासून सांगली-मिरजेकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : लहान मुलाचा इसब म्हणजे आईच्या मनातला ताणच मुलाच्या अंगावर उमटलेला असतो, आई शांत झाली की मुलाची कातडीही शांत होते, स्टिरॉइडचे मलम टाकून द्यावे, दूध, अंडी आणि वांगी बंद करावीत, हळदीचा लेप लावावा, म्हणजे तीन महिन्यांत आजार मुळासकट जातो. माझी मुलगी चार महिन्यांची असल्यापासून तिला इसब आहे आणि आता ती सहा वर्षांची आहे. हा संदेश मला एकाच दिवशी तिघींनी पाठवला, त्यांतली एक माझी सख्खी नणंद. तिघींच्याही मनात मायाच होती, म्हणून नीट उत्तर देते.

पहिला मुद्दा कारणाचा. मुलांमधला हा इसब, ज्याला डॉक्टर ॲटोपिक डर्माटायटिस म्हणतात, बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच सुरू होतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्वचेचा वरचा थर भक्कम ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा या आजाराशी असलेला संबंध 2006 मध्ये स्पष्ट झाला. असा थर कच्चा असला की त्वचेतला ओलावा टिकत नाही आणि धूळ, घाम, साबण यांसारख्या गोष्टी आत शिरून दाह वाढवतात. मोठ्या मुलाची खाज त्याच्या स्वतःच्या ताणाने वाढू शकते, हे मान्य आहे. परंतु त्यावरून आजार आईच्या मनातून आला असे ठरत नाही.

आईचा ताण आणि मुलाचा इसब एकाच घरात दिसतात, हेही खरे आहे, पण त्यांत आधी कोण आले ते पाहायला हवे. ऊसतोडीच्या दिवसांत हवा कोरडी पडली की आमच्या घरात रात्री एकच्या सुमाराला आधी नखांचा आवाज येतो, गोणपाट खरवडल्यासारखा. मुलगी झोपेतच गुडघ्यामागची लवण खाजवत असते. हातांत सुती मोजे घालून निजवले तरी पहाटे एक मोजा पांघरुणात सापडतो आणि उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके असतात. तिचे मनगट धरून तासभर बसावे, मलम लावावे, पुन्हा निजवावे आणि साडेसहाला डबा करायला उठावे, असे आठवडेच्या आठवडे चालले तर कोणते माणूस शांत राहील? त्यात हळदीकुंकवाला गेल्यावर तिच्या कोपरावरचे चट्टे पाहून एका बाईंनी आपल्या मुलाला हळूच मागे ओढले. इसब स्पर्शाने पसरत नाही, हे त्यांना सांगताना माझा आवाज कापत होता. ब्रिटनमधील तज्ज्ञांनी 1998 मध्ये मुलाच्या इसबाचा कुटुंबावरचा भार मोजण्यासाठी 10 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात झोप, थकवा, स्वयंपाक, खर्च आणि घरातले नातेसंबंध यांविषयी विचारले जाते. म्हणजे हा ताण आजाराचा परिणाम म्हणून मोजला जातो, आणि हा संदेश त्यालाच कारण ठरवून दमलेल्या आईला वर अपराधीही करतो.

मलमाविषयीची भीती मात्र निराधार नाही. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली तीव्र स्टिरॉइडची मिश्र मलमे गजकर्णावर आणि चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळल्याने कातडी पातळ झालेली माणसे आपल्या आसपास आहेत, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांच्या विक्रीचे नियम कडक केले ते उगीच नव्हे. परंतु डॉक्टरांनी वय आणि जागा पाहून दिलेले सौम्य मलम ठरावीक दिवस लावणे ही वेगळी गोष्ट आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्यांच्या दोन पंजांएवढ्या भागाला पुरते. हे माप कळल्यावर माझी निम्मी धास्ती गेली. त्याआधी मी भीतीपोटी ठिपक्याएवढेच लावत असे, त्यामुळे चट्टे जात नसत आणि जागरणे वाढत.

पथ्याबद्दल थोडक्यात. काही मुलांना अन्नाची ॲलर्जी असते आणि ती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. पण वाढत्या वयाच्या मुलाचे दूध आणि अंडी अंदाजाने बंद केल्यास त्याच्या पोषणाचे नुकसान होते. हळदीचा आम्हा सांगलीकरांना अभिमान आहे, तरीही भेगाळलेल्या कातडीवर वाळणारा लेप मुलीला झोंबला, हे मी स्वतः पाहिले आहे. तिला उपयोग होतो तो आंघोळीनंतर अंग टिपून लगेच भरपूर लावलेल्या, सुगंध नसलेल्या मॉइश्चरायझरचा.

तीन महिन्यांत मुळासकट जाण्याचे म्हणाल, तर हा आजार मुळातच चढतो आणि उतरतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरला की श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. पुष्कळ मुलांचा इसब वयाबरोबर कमी होतो, पण त्याची तारीख कोणी देऊ शकत नाही.

या संदेशात वडील कुठेच नाहीत, हे मला सर्वांत खटकते. जर्मनीत मुलांच्या पालकांना आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे शिक्षण दिले गेले आणि त्या मुलांचा इसब इतरांपेक्षा अधिक सुधारला, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तिथे पालकांना दोष देण्याऐवजी मलम, खाज आणि झोप कशी सांभाळावी ते शिकवले होते. आमच्या घरी आता रात्री दोननंतरची पाळी मुलीच्या बाबांची असते. मलमाची रेघ तेही बोटावर मोजूनच काढतात, आणि मी दोन ते सहा सलग झोपते.