हरित इमारतीचे प्रमाणपत्र आणि वीजबिल: एक खुलासा

‘गोल्ड किंवा प्लॅटिनम प्रमाणपत्र म्हणजे सरकारने दिलेली हमी असून अशा इमारतीत वीजबिल निम्म्यावर येते’, असा संदेश घर घेणाऱ्यांमध्ये सध्या फिरत आहे. तो दोन्ही बाबतींत चुकीचा आहे.

गोल्ड, प्लॅटिनम या श्रेण्या देणारी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही भारतीय उद्योग महासंघाने 2001 मध्ये स्थापन केलेली संस्था आहे, सरकारी खाते नव्हे. इमारतींना तारे देऊन श्रेणी ठरवणारी ‘गृह’ (GRIHA) ही दुसरी मूल्यांकन पद्धत मात्र टेरी या ऊर्जा व पर्यावरणविषयक संशोधन संस्थेने केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासह उभी केली.

बिलाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. श्रेणी ठरते ती जागेची निवड, पाणी, ऊर्जा, बांधकाम साहित्य, घरातील हवा अशा अनेक बाबींच्या एकत्रित गुणांवर, त्यामुळे ऊर्जेत बेताचे गुण मिळवूनही वरची श्रेणी गाठता येते. शिवाय ऊर्जाबचतीची टक्केवारी बहुधा संगणकीय प्रतिमानावरून, त्याच आकाराच्या एका काल्पनिक प्रमाण इमारतीशी तुलना करून काढलेली असते. तुमच्या जुन्या घराच्या बिलाशी तिचा काहीही संबंध नसतो.

जाहिरातींत झळकणारे ‘पूर्वप्रमाणपत्र’ तर केवळ आराखड्यावर मिळते, आणि ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल इथेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून विकासकाकडे बांधकाम पूर्ण झाल्यानंतरचे अंतिम प्रमाणपत्र आणि बाबनिहाय गुणपत्रक, ही दोन्ही कागदपत्रे मागावीत.