बिस्किटच्या जुलाबांबद्दल लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या कुत्री सांभाळण्याच्या बोर्डिंगमध्ये राहिलेल्या तुमच्या पिल्लाला, बिस्किटला, त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागते. शनिवारी रात्री त्याला पातळ शी झाली तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. सकाळपर्यंत थांबले, ती चूक माझी.

पण "घाणेरडी जागा, दोन दिवसांत पिल्लाला कॉक्सिडिया लावून परत पाठवलं" हे वाचल्यापासून झोप लागलेली नाही. ताई, फक्त वार मोजून बघा. बिस्किट शुक्रवारी संध्याकाळी ७ ला आला, रविवारी दुपारी घरी गेला. सोमवारी सकाळी शी तपासली आणि त्यात कॉक्सिडिया सापडला. रिपोर्टचा फोटो तुम्हीच टाकला आहे. हा परजीवी पोटात गेल्यावर शीमध्ये दिसायला निदान ५-६ दिवस लागतात, त्याच्या एका जातीला तर ९-१०. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, पुरते तीन दिवसही होत नाहीत! म्हणजे तो आमच्या दारात आला तेव्हाच त्याच्या पोटात होता.

जंताचं औषध दिल्याचं तुम्ही लिहिलंय, कार्डावर नोंदही आहे. पण कॉक्सिडिया हा जंत नाही, आतड्याच्या पेशींत वाढणारा एकपेशीय जीव आहे. नेहमीच्या जंताच्या गोळीने तो जात नाही. आणि पिल्लू घरी येऊन दहाच दिवस झालेत हे फॉर्मवर नव्हतं, निघताना पायरीवर सांगितलंत. नव्या घराच्या ताणाने पिल्लांमध्ये हे उफाळून येतं. आधी कळलं असतं तर त्याला पहिल्यापासून वेगळं ठेवलं असतं. त्या दिवशी आमच्याकडे आणखी चार कुत्री होती हो.

जागेबद्दल एवढंच सांगते. असल्या दमट हवेत शीमधला कॉक्सिडिया एका दिवसात दुसऱ्याला लागण्याजोगा होतो, म्हणून आम्ही शी पडल्या पडल्या उचलतो. फिनेल-ब्लीचला तो दाद देत नाही, म्हणून मी आणि सासूबाई रोज फरशीवर उकळतं पाणी ओततो. घोडबंदर रोडवर ही जागा भाड्याने घेऊन आम्ही सहा वर्षं हेच करतोय. तुमच्या रिव्ह्यूनंतर गणपतीची दोन बुकिंग रद्द झाली.

पिल्लांच्या बाबतीत यापुढे आणखी लक्ष देऊ, फॉर्मही बदलतोय.

जुलाब थांबले तरी औषधाचा कोर्स मध्येच सोडू नका. बिस्किटची निळी चादर इथे राहिली आहे, उकळून, वाळवून ठेवली आहे. म्हणाल तेव्हा मुलाबरोबर पाठवते.