कूलरच्या पाण्याचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नागपुरातले कूलर मे महिन्यात दिवसाला 3 कोटी लिटर पाणी पितात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: तीन अंदाजांचा गुणाकार म्हणजे तीन चुकांचा गुणाकार, असा आकडा लोकांपुढे ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे.

आक्षेप गंभीर आहे, म्हणून हिशेब पुन्हा उघडून ठेवतो. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 24 लाख. घरटी पाचेक माणसं धरली की सुमारे 5 लाख घरं. घरटी एक कूलर, कूलरला 60 लिटर. लोकसंख्या मोजलेली, बाकी तिन्ही अंदाज माझे. पण 60 मी असाच ठोकून दिलेला नाही. 20 लिटरमध्ये दिवस निघत नाही आणि 200 कुणी भरत नाही, एवढी खात्री होती. या दोन टोकांची सरासरी 110 येते, ती वरच्या टोकाकडे ओढली जाते. म्हणून दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेतलं, ते 63.

मग दुसऱ्या वाटेनं पडताळलं. कूलर तासाला 2000 घनमीटर, म्हणजे जवळपास 2200 किलो हवा फेकतो असं धरा. नवतपातल्या कोरड्या दुपारी ती 12 अंशांनी उतरते. 1 किलो हवा 1 अंशानं उतरताना 1 किलोज्यूल उष्णता सोडते. त्याच उष्णतेनं कूलरमधल्या पाण्याची वाफ होते, आणि 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल लागतात. तासाला 11 लिटर झाले, सहा तासांत 66.

आता चुकांचा गुणाकार. तिन्ही अंदाज दीडपट फुगलेले असतील तर उत्तर जवळजवळ 3.4 पट फुगेल. दोन फुगलेले आणि एक तेवढाच आखडलेला असेल तर दीडपटच. तेव्हा चुका एकाच बाजूला झुकल्यात का, हे पाहायला हवं, आणि माझी चूक तिथंच झाली. मी कूलर पाहिले ते आमच्या कॉलनीतले, जिथं गच्चीवरची टाकी भरलेली असते. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत कूलर कमी, आणि असला तरी पाणी जपून. म्हणजे घरटी कूलर आणि लिटर, दोन्ही अंदाज एकदमच वर गेले. उलट 2011नंतर वाढलेली माणसं मी धरलीच नव्हती. लेखात आता ‘1 ते 4 कोटी लिटर’ अशी दुरुस्ती केली आहे.

आकडाच देऊ नये, हे मात्र मला पटत नाही. ‘खूप पाणी जातं’ एवढंच लिहिलं असतं तर तुम्हाला नेमकं बोट ठेवायला जागाच नव्हती. या तिन्हींपैकी कुठला अंदाज तुम्हाला खटकतो, ते सांगा. घरी कूलर असेल तर एक दिवस बादल्या मोजून वस्तीच्या नावासह कळवा. तुमचा आकडा धरून हिशेब पुन्हा मांडतो.