‘उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार’: त्या मेसेजमधलं खरं काय, खोटं काय

नोव्हेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. ‘उद्यापासून नवीन कम्युनिकेशन नियम लागू’ अशी त्याची सुरुवात. पुढे लिहिलेलं असतं की सगळे कॉल रेकॉर्ड होणार, व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर नजर राहणार, दोन निळ्या टिकांबरोबर लाल टिक दिसली की सरकारने तुमचा मेसेज वाचला, सरकारविरुद्ध लिहिलं की वॉरंटशिवाय अटक, आणि ग्रुपमध्ये कुणीही काहीही टाकलं तरी ॲडमिन आत. आपल्याकडे त्याला एक शेपूटही जोडलं जातं: काळा दिवस (१ नोव्हेंबरच्या कर्नाटक स्थापना दिनी सीमाभागातली मराठी माणसं पाळतात तो), मोर्चा, सीमाप्रश्न हे शब्द लिहू नका, महाराष्ट्राचं सिम असेल तर मात्र काळजी नको.

हा मेसेज देशभर कितीतरी वर्षं फिरतोय आणि केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने तो अनेकदा खोटा ठरवलाय. तरी आपल्या भागात तो पटतो, आणि का पटतो हे मी समजू शकतो. २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढल्यावर गावात घुसून झालेली मारहाण ज्यांनी पाहिली, त्यांना ‘पोलीस काहीही करू शकतात’ हे सांगावं लागत नाही. पण या मेसेजने होतं असं की, जिथे बोलायचा हक्क आहे तिथे माणूस गप्प बसतो आणि जिथे खरोखर गुन्हा होतो तिथे बेफिकीर राहतो. म्हणून एकेक दावा तपासून बघू.

‘उद्यापासून’ म्हणजे कोणत्या तारखेपासून, हे मेसेजमध्ये कधीच नसतं. कायदा असा रातोरात येत नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली नवी भारतीय न्याय संहिता डिसेंबर २०२३ मध्ये राजपत्रात आली आणि लागू झाली १ जुलै २०२४ ला. मधल्या सहा महिन्यांत वकील, पोलीस, वर्तमानपत्रं सगळे तिच्याबद्दल बोलत होते.

टिकांचं तर दोन ओळींत संपतं. एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. लाल टिक व्हॉट्सॲपमध्ये नाहीच. एप्रिल २०१६ पासून तिथला मजकूर कुलूपबंद होऊन जातो आणि फक्त पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. मेसेज पहिल्यांदा कुणी टाकला हे शोधून द्या, असं २०२१ च्या केंद्रीय नियमांत आहे आणि व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. एवढं मात्र लक्षात ठेवा, की तुमचा मेसेज पोलीस ठाण्यात पोचायला कुठल्याही सरकारी यंत्रणेची गरज नसते. ग्रुपमधल्या एकाने स्क्रीनशॉट काढला की झालं.

कॉल रेकॉर्डिंगचा दावा थोडा वेळ घेऊन बघण्यासारखा आहे, कारण त्यात सत्याचा कण आहे. सरकारला फोन ऐकण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून आहे. आता तो २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आलाय. पण तो सरसकट वापरता येत नाही. त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा कारणांसह लेखी आदेश लागतो, तो ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पलीकडे जात नाही. ही बंधनं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालातून आली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. ही व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. आदेश देणारे सचिव, तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच, न्यायाधीश कुठेच नाही. मला हे चूक वाटतं आणि त्यावर जोरात बोललं पाहिजे. मात्र ‘सगळ्यांचे सगळे कॉल’ ही भाषा या खऱ्या प्रश्नावरचं लक्षच उडवते.

आता अटकेचं. सरकारवर टीका केली म्हणून उचलायची सोय देणारं एक कलम खरोखर होतं: माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ. ‘मनस्ताप देणारा’ मेसेज पाठवला तरी तीन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींनाही अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला हे कलम रद्द झालं. तरीही ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की असे खटले चालवायचे नाहीत. एखाद्या नोटिशीवर ६६ अ दिसलं तर ती वकिलाला दाखवा.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे ते लिहून दाखवायचं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट नोव्हेंबर २०२५ ची. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि तीही अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. ज्याला कन्नड वाचता येत नाही त्याच्यासमोर कन्नड कागद ठेवून सही घेणं त्यात बसत नाही. खानापूरच्या एखाद्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.

फोनचंही तसंच. मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फोनच्या झडतीसाठी नियम घालून दिले. तुम्ही फोन उघडून द्यायला नकार दिलात, तर तपास अधिकाऱ्याने न्यायालयाकडून वॉरंट आणायचं. तातडीच्या वेळी वॉरंटशिवाय झडती घेतलीच तर कारणं लिहून ठेवायची. वॉरंट आलं की मात्र ‘माझा हक्क’ म्हणून अडून बसता येत नाही.

मग गुन्हा नेमका कशात आहे? इथेच हा मेसेज आपल्या माणसांना फसवतो. न्याय संहितेचं कलम १९६ हे धर्म, वंश, जन्मस्थान, निवासस्थान यांच्या जोडीला भाषेचंही नाव घेतं. दोन भाषिक गटांत वैर पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. ‘१ नोव्हेंबरला काळा दिवस पाळू’ हे मत आहे. मोर्चाला परवानगी मिळते की नाही हा त्याहून वेगळा प्रश्न. पण ‘त्यांची दुकानं फोडा’ हे लिहिलं तर ते मराठीत असो वा कन्नडमध्ये, गुन्हाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून कर्नाटकाच्या बसच्या कंडक्टरला मारहाण झाल्यावर दोन्हीकडच्या बसना काळं फासलं गेलं आणि बससेवा बंद पडली. अशा दिवसांत कुठलीतरी जुनी क्लिप ‘आत्ताच, आपल्या माणसावर’ असं लिहून ढकलणं याच संहितेच्या कलम ३५३ खाली, म्हणजे खोटी माहिती किंवा अफवा पसरवण्यात, येऊ शकतं. क्लिप खरी मानायला सबळ कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, तर त्या कलमात बचाव आहे. पण ‘आलं तसं पाठवलं’ एवढ्यावर तो मिळेल असं धरून चालू नका.

ॲडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला धरता येत नाही. हे निकाल कर्नाटकाच्या उच्च न्यायालयावर बंधनकारक नाहीत, पण त्याच्या धारवाड पीठासमोर दाखवता येतात. या भीतीने चांगले ग्रुप बंद केले जातात याचं मला वाईट वाटतं.

राहिलं महाराष्ट्राचं सिम. यावर तर अजिबात विसंबू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा आणि न्याय संहिता हे केंद्राचे कायदे आहेत, ते महाराष्ट्रातल्या चंदगडला जेवढे लागू तेवढेच बेळगावजवळच्या हिंडलग्याला. फोन किंवा मेसेजवरून फसवणूक झाली, तर तो मेसेज जिथून गेला तिथेही आणि जिथे पोचला तिथेही खटला चालू शकतो.

आणि ‘सरकार सगळं बघतंय, कधीही उचलेल’ हे ज्याच्या मनात बसलंय, तोच माणूस ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनला पहिला बळी पडतो. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या सिमवर गुन्हा आहे म्हणतो, कॉल कापू देत नाही, घरच्यांनाही सांगू देत नाही. खानापूर तालुक्यात मार्च २०२५ मध्ये एका वृद्ध दांपत्याने अशाच छळापायी जीव दिला. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. असा फोन आला तर कापा आणि घरात सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ती गोठवता येते. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस स्थानक आहे, पण ते लांब पडत असेल तर जवळच्या कुठल्याही स्थानकात जा. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही; तिथे झिरो एफआयआर (हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही घेतली जाणारी फिर्याद) नोंदवून योग्य स्थानकाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. ऑनलाइन फिर्याद दिली असेल तर तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते.